मळीच्या पाण्याचा गॅस : प्रस्तावना

उसाच्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की मागे दहा-बारा लिटर काळपट तपकिरी पाणी उरते. डिस्टिलरीतले कामगार त्याला स्पेंटवॉश म्हणतात, नदीकाठचे लोक मळीचे पाणी म्हणतात. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यातून ते कढत बाहेर पडते. त्याचा सामू चार ते साडेचार, म्हणजे चांगलेच आम्लधर्मी. त्यात इतके सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात की एका लिटरमधले सगळे जाळून टाकायचे तर 80 ते 120 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम पुरतो. नदीच्या चांगल्या वाहत्या पाण्यात लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश हिशेबाने दहा हजार लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकतो. कृष्णा किंवा पंचगंगेच्या काठावर उन्हाळ्यात पाणी ओसरले असताना मेलेल्या माशांचा खच का पडतो, याचे उत्तर शोधताना हा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो.

हेच पाणी बंद टाकीत, हवा लागू न देता, योग्य सूक्ष्मजीवांच्या स्वाधीन केले तर एका घनमीटरमागे 25 ते 35 घनमीटर बायोगॅस मिळतो. रोज 45 हजार लिटर अल्कोहोल तयार करणारी मध्यम डिस्टिलरी घ्या. तिच्यातून दिवसाला सुमारे 500 घनमीटर स्पेंटवॉश निघतो आणि त्यापासून 15 हजार घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो. त्यातला 60 टक्के मिथेन धरला तर शुद्ध केल्यावर रोज सहा टन इंधन हाती येते. घरगुती सिलिंडरच्या भाषेत बोलायचे तर उष्णतेच्या हिशेबाने दिवसाला सुमारे साडेचारशे सिलिंडर. हा अंदाज आहे. मळीचा दर्जा, आंबवण्याची पद्धत आणि टाकीची निगा यांवर तो वर-खाली होतो. पण याच्या निम्मा गॅस मिळाला तरी तो एका मोठ्या गावाच्या चुली पेटवायला पुरेसा आहे.

महाराष्ट्रात हे तंत्र नवे नाही. गेल्या तीन-चार दशकांत अनेक डिस्टिलऱ्यांनी असे डायजेस्टर उभारले, चालवले, गॅस बॉयलरमध्ये जाळला आणि उसाचा भुसा वाचवला. तरीही मळीच्या पाण्याच्या तक्रारी संपलेल्या नाहीत आणि गॅसही कारखान्याच्या कुंपणाबाहेर फारसा आलेला नाही. असे का, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे. माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. टाकीचे शास्त्र सुटलेले आहे, अडले आहे ते टाकीभोवतीच्या माणसांच्या व्यवहारात. पाणी सोडणारा, नदीचे पाणी पिणारा, उरलेले द्रव खत शेतात घेणारा आणि गॅस विकत घेणारा या चौघांमध्ये करार झाल्याशिवाय सांडपाण्याचा गॅस टिकत नाही. आणि सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यात हे चौघे बहुतेक वेळा एकाच घरात राहतात.

विषयाशी पहिल्यांदाच ओळख होत असलेल्या वाचकासाठी आधी टाकीच्या आत काय चालते ते पाहू. हवेशिवाय कुजण्याची क्रिया चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मोठे, गुंतागुंतीचे रेणू फुटून साखर, अमिनो आम्ले, मेदाम्ले होतात. दुसऱ्यात त्यांची लहान आम्ले बनतात. तिसऱ्यात त्या आम्लांचे मुख्यतः ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होते. शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हा माल घेऊन मिथेन बाहेर टाकतात. हे शेवटचे जीव जिवाणूंच्या कुळातले नव्हेत. 1977 मध्ये कार्ल वूझ यांनी त्यांचे वेगळे कुळ दाखवून दिले आणि आज त्यांना आर्किया म्हणतात. ते फार हळू वाढतात आणि आम्लाला फार लवकर दबतात. आम्ल करणारे भराभर पुढे जातात, मिथेन करणारे मागे पडतात. टाकी बिघडण्याच्या बहुतेक घटनांमागे हीच शर्यत असते.

डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत पाळी बदलताना केमिस्ट डायजेस्टरच्या नळातून नमुना काढतो. सामू 7.2 ते 7.5 च्या दरम्यान असेल तर तो निश्चिंत असतो, पण पुरता नाही. सामू घसरतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी उडनशील आम्ले आणि अल्कली यांचे गुणोत्तर वाढू लागते. ते 0.3 च्या वर सरकले की अनुभवी माणूस लगेच स्पेंटवॉशचा पुरवठा कमी करतो. उशीर झाला तर ‘डायजेस्टर आंबला’ अशी बातमी फोनवरून वर जाते आणि चुना, सोडा, शेणकाला यांची धावाधाव सुरू होते. आंबलेली टाकी ताळ्यावर यायला कित्येक आठवडे जातात. नवी टाकी सुरू करतानाही शेण किंवा दुसऱ्या चालू प्रकल्पातला गाळ विरजणासारखा घालावा लागतो आणि दुधाइतकीच सबुरी ठेवावी लागते. गॅसमध्ये दोन ते पाच टक्के हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यांच्या वासावरून तो कळतो, आणि गॅसलाइनजवळच्या पॅनेलमधली तांब्याची तार काळी पडते त्यावरूनही. हा वायू इंजिन कुरतडतो. बंद टाकीत उतरलेल्या माणसाचा तो काही क्षणांत जीव घेतो, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. टाकी साफ करणारे कामगार बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात. त्यांच्या सुरक्षेचा विचार केल्याशिवाय या इंधनाला स्वच्छ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून तो विषय पुस्तकाच्या परिशिष्टात न ढकलता मध्यभागी ठेवला आहे.

आता थोडा इतिहास. 1776 मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे तलावाच्या काठच्या दलदलीतून निघणारा वायू गोळा केला आणि तो पेटतो हे दाखवले. 1890 च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात मैल्याच्या टाकीतून निघालेल्या वायूवर दिवे लावले गेले. याच सुमारास, 1897 मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची सोय झाली आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले. या विषयाचा भारतातला आरंभ असा मुंबईत, समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीत झाला. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सहसा सापडत नाही, ती सापडायला हवी.

पुढे शेणाचा मार्ग निघाला. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र बनवले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगावी नेले. 1984 मध्ये ‘दीनबंधू’ हे स्वस्त घुमटाचे मॉडेल आले. महाराष्ट्रात या मार्गाला एक वेगळे वळण मिळाले, ते सफाईच्या चळवळीतून. अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात भंगीमुक्ती, खत आणि गॅस यांचा एकत्र विचार केला. देहूच्या डॉ. सुहास मापुसकर यांनी तो धागा पुढे नेला. शौचालयाला जोडलेले बायोगॅस संयंत्र त्यांनी आयुष्यभर लोकांना पटवून दिले, आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी तिसरीच गोष्ट ठासून सांगितली. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून उरलेला चोथा, सूक्ष्मजीवांना खरे अन्न हवे तर साखर आणि पिष्ट द्या, असे त्यांचे म्हणणे होते. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे त्यांचे छोटे संयंत्र 2006 मध्ये ॲशडेन पुरस्काराला पात्र ठरले. कर्व्यांचा हा मुद्दा एकदा पटला की कारखान्याच्या सांडपाण्याकडे पाहण्याची नजरच बदलते. मळीचे पाणी, दूध संघाचे धुणावळीचे पाणी, साबुदाण्याच्या कारखान्यातले पिठूळ पाणी, फळप्रक्रियेतला रस हे सगळे सूक्ष्मजीवांचे आयते ताट आहे.

पण पातळ पाण्याचा प्रश्न वेगळा होता. शेणकाला टाकीत महिना-दीड महिना ठेवता येतो. दिवसाला लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याने महिनाभराचे पाणी साठवायला टाकी किती मोठी बांधायची? नेदरलँड्समधल्या वॅगेनिंगेनच्या गात्से लेटिंगा यांनी 1970 च्या दशकात बीटसाखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करताना याचे उत्तर शोधले. पाणी टाकीच्या तळातून वर चढवायचे, वर गॅस, पाणी आणि गाळ वेगळे करायचे आणि गाळ टाकीतच राखायचा. काही दिवसांनी सूक्ष्मजीव एकमेकांना बिलगून बारीक दाणे तयार करतात. हे दाणे जड असल्याने वाहून जात नाहीत. त्यामुळे पाणी काही तासांत निघून गेले तरी सूक्ष्मजीव महिनोन्महिने टाकीत राहतात. या पद्धतीला यूएएसबी म्हणतात. लेटिंगा यांनी तिचे पेटंट घेतले नाही. गरीब देशांना ती वापरता यावी असे त्यांना वाटत होते. कानपूरच्या जाजमऊमध्ये डच मदतीने यूएएसबीचे संयंत्र 1989 मध्ये उभे राहिले आणि तिथून हे तंत्र भारतभर पसरले.

आज या क्षेत्रात तीन मुख्य पंथ आहेत, असे म्हणता येईल. पहिला पंथ सतत ढवळत राहणाऱ्या मोठ्या टाकीचा. ती साधी आणि सोशिक असते, दाट माल पचवते, पण जागा जास्त खाते. दुसरा पंथ दाणेदार गाळाचा, म्हणजे यूएएसबी आणि तिच्या पुढच्या पिढ्यांचा. ती टाकी लहान आणि वेगवान असते, पण पाण्यात घन पदार्थ वाढले की रुसते. तिसरा पंथ टाकीत आधार ठेवून त्यावर सूक्ष्मजीवांचा थर बसवणाऱ्यांचा. आपल्या डिस्टिलऱ्यांत तिन्ही दिसतात. अभियंत्यांच्या बैठकांत कोणता पंथ श्रेष्ठ यावर तासन्‌तास वाद होतात. मला ते वाद गौण वाटतात. चांगली चालवलेली जुनी टाकी वाईट चालवलेल्या नव्या टाकीपेक्षा केव्हाही जास्त गॅस देते.

खरा मोठा वाद वेगळा आहे, आणि तो या पुस्तकात सविस्तर आला आहे. गॅस काढून घेतल्यावरही स्पेंटवॉश निर्धोक होत नाही. त्यातला सेंद्रिय भार साधारण दोन तृतीयांश कमी होतो, पण काळा रंग आणि क्षार तसेच राहतात. ते पाणी नदीत सोडता येत नाही. पूर्वी ते प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळावर, शिंपडून कंपोस्ट करत किंवा पातळ करून शेतात देत. जिथे प्रमाण पाळले नाही तिथे विहिरींचे पाणी तपकिरी झाले आणि जमिनी खारवल्या. 2003 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांबरोबर केलेल्या सनदेनंतर डिस्टिलऱ्यांवर शून्य विसर्गाचे बंधन आवळत गेले. त्यामुळे अनेकांनी गॅसचा टप्पाच वगळला. स्पेंटवॉश आटवून घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये जाळायचा, ही वाट धरली. राखेतून पालाश, म्हणजे पोटॅश, मिळते. 14.5 टक्के पालाश असलेले हे खत केंद्र सरकारने अनुदानाच्या यादीतही घेतले आहे. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या पोटॅशच्या पार्श्वभूमीवर ही मोठी गोष्ट आहे, हे मान्य करायलाच हवे.

तरी जाळण्याला मी सरसकट पसंती देणार नाही. जाळले की नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर जातात. आपल्या ऊसपट्ट्यातल्या जमिनींना ज्याची सर्वांत जास्त भूक आहे तोच हा कर्ब. आटवण्यासाठी वाफ लागते. आणि मिळालेली उष्णता कारखान्याच्या आतच वापरली जाते, तिच्यात गावाचा वाटा राहत नाही. उलट बाजूही खरी आहे. गॅस काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यात जाळण्याजोगे फार उरत नाही, म्हणून दोन्ही टप्पे एकत्र बसवणे अवघड जाते. म्हणूनच प्रत्येक कारखान्याने आपल्या आसपासची जमीन, पाऊस, विहिरी आणि गॅसचे गिऱ्हाईक पाहून निर्णय घ्यावा. ज्याच्या टापूत द्रव खत घ्यायला तयार असलेली, माती परीक्षण करून घेणारी पुरेशी शेती आहे, त्याने गॅसचा मार्ग सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

इथून सहकार्याचा विषय सुरू होतो. त्यासाठी काही ठिकाणांकडे पाहणे उपयोगाचे आहे.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामूहिक गोबरगॅसचा प्रयोग केला. आधी गॅस चुलीसाठी द्यायचे ठरले होते. ते साधले नाही, शेण पुरेना. मग गावाला काय हवे ते विचारले गेले. गावाला हवे होते नळाचे पाणी आणि दिवे. 1987 पासून गॅसवर इंजिन चालवून विहिरीचे पाणी उपसले गेले आणि घरोघरी वीज गेली. शेण आणून टाकणाऱ्याला आणणावळ मिळे आणि शेणाच्या प्रमाणात गाळखत परत मिळे. सांडपाण्याचा प्रकल्प आखणाऱ्याने पुरा गावाचा हा धडा पाठ करावा. आपल्याला काय द्यायचे आहे यापेक्षा लोकांना काय हवे आहे ते आधी विचारावे, आणि देणाऱ्याला त्याच्या मालातला कस परत करावा.

तामिळनाडूतल्या सेलमचा साबुदाणा आपल्याकडे दर एकादशीला खपतो. तो करणारे कारखाने लहान आणि विखुरलेले आहेत. 1981 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, ती मुख्यतः विक्रीसाठी. टॅपिओका धुतल्या-दळल्यावर निघणारे पिठूळ पाणी तिथल्या ओढ्यांना त्रास देत असे. त्यातल्या बऱ्याच कारखान्यांनी पुढे झाकलेल्या टाक्या बांधून त्याच पाण्याचा गॅस वापरायला सुरुवात केली. एकट्याने न झेपणारी गोष्ट शेजाऱ्याने केलेली पाहून पसरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

युरोपात डेन्मार्कचा मार्ग आपल्याला सर्वांत जवळचा. कारण त्या देशाची शेतीही सहकारावर उभी राहिली. त्यांची पहिली सहकारी दूध डेअरी 1882 ची. 1973 च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कने सामाईक बायोगॅस प्रकल्पांची वाट धरली. शेतकऱ्यांच्या गोठ्यातला शेणकाला टँकरने येतो, त्यात कत्तलखान्यांचे आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांचे टाकाऊ द्रव मिसळतात आणि पचलेला काला त्याच टँकरमधून शेतात परत जातो. 2023 च्या सुमारास डेन्मार्कच्या गॅसच्या जाळ्यातल्या वापरात बायोगॅसचा वाटा 40 टक्क्यांच्या जवळ पोहोचला. तिथल्या कालुंडबोर्ग या बंदराच्या गावात कारखाने 1960-70 च्या दशकांपासून एकमेकांचे पाणी, वाफ आणि टाकाऊ माल वापरत आले आहेत. 2018 मध्ये त्या साखळीत इन्सुलिन आणि एन्झाइम बनवणाऱ्या कारखान्यांच्या सेंद्रिय टाकाऊ मालावर चालणारा बायोगॅस प्रकल्प जोडला गेला. स्वीडनमधल्या लिंशोपिंग शहरात पालिकेची कंपनी, कत्तलखाना आणि शेतकऱ्यांची संघटना एकत्र आल्या आणि शहराच्या बसगाड्या बायोगॅसवर धावू लागल्या. 2005 मध्ये तिथे बायोगॅसवर चालणारी रेल्वेही निघाली. या सर्व ठिकाणी पैसा सरकारचा होता, कर्ज बँकांचे होते, यंत्रे कंपन्यांची होती. पण कुणी कुणाचा माल किती दिवसांनी, कोणत्या प्रतीचा, कोणत्या दराने घ्यायचा, याचे कागद स्थानिक माणसांनी बसून लिहिले होते.

आता महाराष्ट्र. 1950 च्या सुमारास अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि सहकारी साखर उद्योगाची घडी बसली. आज राज्यात हंगामात सुमारे 200 कारखान्यांची धुराडी पेटतात, त्यांपैकी जवळपास निम्मे सहकारी. चांगल्या हंगामात गाळप 10 कोटी टनांपर्यंत जाते. उसाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघतो, म्हणजे 30 ते 40 लाख टन. प्रेसमडपासूनही गॅस मिळतो. शिवाय इथेनॉलच्या धोरणामुळे डिस्टिलऱ्या वाढल्या आहेत, तसा स्पेंटवॉशही वाढला आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संशोधन संस्था आणि डिस्टिलरीची यंत्रे जगभर पाठवणारे पुण्याचे उद्योग हाताशी आहेत. कच्चा माल, ज्ञान आणि यंत्रे तिन्ही एका राज्यात असण्याचा योग सहसा जुळून येत नाही.

त्यातही सहकारी कारखान्याचा सभासद ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. डॅनिश शेतकऱ्याला कारखान्याशी करार करावा लागतो. आपला सभासद त्या कारखान्याचा मालकच आहे. ऊस तो घालतो. नदीवरची उपसा योजना त्याच्याच सोसायटीची. उरलेले द्रव खत पडते ते त्याच्या शेतात. गॅस आला तर पेटेल तो त्याच्या घरात, किंवा त्याच्या ट्रॅक्टरच्या टाकीत. तोटा आणि नफा दोन्ही एकाच माणसाच्या पदरात पडत असताना हा व्यवहार न जमण्याचे कारण यंत्रशास्त्रात शोधून सापडणार नाही. वार्षिक सभेत साखरेचा उतारा, एफआरपी म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, ऊसतोडीचे वेळापत्रक यांवर चर्चा रंगते. डिस्टिलरीच्या डायजेस्टरचा गॅस किती निघाला आणि किती पेटवून दिला, यावर बोलणे निघत नाही. कारण तो आकडा सभासदाला आपला वाटत नाही. प्रदूषणाचा प्रश्न म्हणजे मंडळाचा आणि कारखान्याचा, अशी आपण 1970 पासूनच, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले तेव्हापासूनच, समजूत करून घेतली आहे. नोटीस येते, दंड होतो, टाकी काही महिने नीट चालते, मग पुन्हा मागे पडते. मंडळाचा धाक हवाच. पण रोज सकाळी नमुना काढणाऱ्या केमिस्टच्या पाठीशी गाव उभे राहिले तर धाकाची गरज कमी पडेल.

हा विषय आत्ताच का घ्यावा? ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने ‘सतत’ योजना जाहीर केली. शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस, म्हणजे सीबीजी, तेल कंपन्या हमीने घेतील आणि देशात 5 हजार प्रकल्प उभे राहतील, असे त्यात ठरले. त्या लक्ष्यापुढे प्रत्यक्षात चालू झालेले प्रकल्प फारच थोडे आहेत. नंतर शहरी गॅस कंपन्यांवर सीबीजी मिसळण्याचे बंधन आले. 2025-26 मध्ये 1 टक्का, 2026-27 मध्ये 3, त्यापुढे 4 आणि 2028-29 पासून 5 टक्के, असा तो चढता आलेख आहे. म्हणजे गिऱ्हाईक आता कायद्याने तयार होत आहे. गाडीत भरायच्या गॅसमध्ये मिथेन किमान 90 टक्के लागतो आणि हायड्रोजन सल्फाइड जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. हे शुद्धीकरणाचे तंत्र आता भारतात सर्रास मिळते. दुसरे कारण हवामानाचे. मिथेन उष्णता अडवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींहून अधिक ताकदवान आहे. उघड्या लगूनमध्ये, म्हणजे साठवणीच्या तळ्यात, साठवलेला स्पेंटवॉश बुडबुडे सोडत असतो. ते बुडबुडे मिथेनचेच. तो वायू आपण निर्माण करतोच, फक्त पकडत नाही. आणि पकडलेला वायू जुन्या, फाटक्या घुमटातून गळू दिला तर केलेले काम उलटते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

एक अडचण मात्र प्रांजळपणे मांडली पाहिजे. ऊस गाळप चार-पाच महिन्यांचे. प्रेसमड त्या काळात ढिगाने येतो आणि उघड्यावर पडला की त्यातला गॅस देण्याचा कस दिवसागणिक उतरतो. डिस्टिलरी जास्त दिवस चालते, पण तीही वर्षभर नाही. सूक्ष्मजीवांना रोज खायला लागते. यावर काही ठिकाणी नेपिअर गवताची लागवड सुचवली जाते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात तिथे गॅससाठी गवत पिकवणे मला पटत नाही. त्यापेक्षा तालुक्यातल्या दूध संघाचे धुणावळीचे पाणी, बाजार समितीतला सडका भाजीपाला, नगरपालिकेचा ओला कचरा आणि गोठ्यांतले शेण पावसाळ्यात त्याच टाकीकडे वळवावे. हे घडायचे तर चार संस्थांच्या चार अध्यक्षांनी एका टेबलाशी बसावे लागेल. ते चौघे वेगवेगळ्या गटांचे असले तरीही.

या पुस्तकातले लेख डायजेस्टरचा आराखडा काढून देणारे नाहीत. त्यासाठी अभियांत्रिकीची पुस्तके आहेत आणि चांगले सल्लागारही आहेत. इथे प्रयत्न आहे तो टाकीच्या भोवतालची माणसे, कागद आणि पैसा दाखवण्याचा. सूक्ष्मजीवांचे शास्त्र येते ते निर्णय घेणाऱ्याला लागेल तेवढेच. करारात काय असावे, द्रव खताची प्रत कोण तपासणार, गॅसचा पैसा उसाच्या दरात कसा दिसावा, टाकीत उतरणाऱ्या कामगाराच्या जिवाची जबाबदारी कुणाची, या प्रश्नांना मात्र भरपूर जागा दिली आहे. परदेशातली उदाहरणे नमुना म्हणून घेतली आहेत, नक्कल करण्यासाठी नव्हे. फसलेल्या प्रकल्पांकडे आम्ही मुद्दाम अधिक वेळ पाहिले आहे. टाकी का आंबली हे शोधताना बहुतेक वेळा असे दिसले की आधी देयके थकली होती, मग प्रशिक्षित माणूस सोडून गेला होता आणि सूक्ष्मजीव शेवटी मेले होते.

वाचकांमध्ये विद्यार्थी असतील, अभियंते असतील, नदीसाठी झटणारे कार्यकर्ते असतील. पण हे पुस्तक सर्वांत आधी कारखान्याच्या सभासदाने वाचावे, अशी माझी इच्छा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते तेव्हा तिच्याबरोबर अहवाल येतो. त्यातले डिस्टिलरीचे पान काढा. वर्षभरात किती स्पेंटवॉश निघाला, त्यापासून किती गॅस मिळाला, त्यातला किती वापरला आणि किती जाळून टाकला, हे आकडे त्यात आहेत का ते पाहा. नसतील तर सभेत उठून मागा, आणि मिळेपर्यंत दर वर्षी मागत राहा.